शेवटच्या पानावरची बुंदी

देवसळच्या राजांनी गावजेवण घातलं की बुंदी पंगतीच्या निम्म्यापर्यंत पोहोचायची आणि तिथेच संपायची. शेवटच्या पानांवर नुसता भांडं खरवडल्याचा आवाज वाढला जाई.

राजे उदाजीराव कंजूष नव्हते, हट्टी होते. एका वर्षी त्यांनी बुंदी दुप्पट केली. पंगतीच्या सुरुवातीला कारभाऱ्यांच्या आणि सावकारांच्या पानांवर ढीग झाले. शेवटी पूर्वीइतकीच पोहोचली, म्हणजे काहीच नाही. पुढच्या वर्षी लक्ष ठेवायला शिपाई नेमले. शिपायांना जेवायला सुरुवातीचीच पानं मिळाली.

जेवणं झाली की राजे पंगतीच्या टोकाशी येऊन विचारत, "पोटभर झालं ना?" आणि सगळे "हो महाराज" म्हणत. अगदी शेवटचं पान धोंडबाचं. तो आणि त्याची मुलगी भिवरा गावजेवणाच्या पत्रावळ्या लावत, सगळ्यांची पानं मांडत आणि मग उरलेल्या टोकाला बसत. धोंडबा आता थकला होता. यंदाही तो 'हो' म्हणणार होता, पण भिवराच बोलली.

"पोट भरलं, महाराज. पण आबा म्हणतात, बुंदी गोल असते. मी कधी पाहिली नाही, त्यामुळं वाद काही मिटत नाही."

राजांचे कान लाल झाले.

"उद्या पुन्हा पंगत बसेल," ते म्हणाले. "सामान आजच्याइतकंच. वाढपी हेच. पहारा नाही, मोजमाप नाही. शेवटच्या पानावर बुंदी पोहोचवून दाखव. नाही जमलं, तर पत्रावळ्यांचं काम तुमच्या घरातून गेलं."

धोंडबानं मुलीचा हात घट्ट धरला. त्या कामावरच दोघांचं पोट होतं.

"दाखवते," भिवरा म्हणाली. "फक्त उद्या तुमचं चांदीचं ताट आधी वाढायचं नाही. सगळी पानं वाढून होईपर्यंत कुणीच बसायचं नाही. मग महाराजांनी मनाला येईल त्या पानावर बसायचं."

"महाराज पत्रावळीवर जेवणार?" मुख्य आचारी गंगोबा हसला.

"आम्ही चांगल्या लावतो," भिवरा म्हणाली.

सगळ्या गावासमोर नाही म्हणायला राजांना कारण सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी गंगोबानं सवयीप्रमाणे कारभाऱ्यांच्या पानावर ओंजळभर बुंदी घातली आणि सहज वर पाहिलं. राजे हात मागे बांधून पंगतीच्या पार दुसऱ्या टोकाकडे बघत होते. गंगोबानं त्यातली निम्मी बुंदी परत भांड्यात टाकली. राजे कुठे बघताहेत, हे कारभाऱ्यांनीही पाहिलं होतं.

पंगत पुढे सरकली. राजे जरा डावीकडे गेले की वाढपी डावीकडच्या पानांवर लिंबाची फोड आहे ना, ते बघून येत. राजे उजवीकडे वळले की तिकडे धावत. शेवटच्या पानापर्यंत बुंदी पोहोचली, वर तूप पोहोचलं, आणि भांड्यात थोडी उरलीसुद्धा. गंगोबानं दोनदा वाकून आत पाहिलं.

राजे सगळी पंगत चालत गेले आणि अगदी शेवटच्या पानावर बसले. बुंदीचा घास घेतला. मग सगळे बसले.

"पोरी, केलंस तरी काय?"

"काही नाही, महाराज. कुठलं पान तुमचं, एवढंच कुणाला कळू दिलं नाही."

राजांनी मान डोलावली. "जिंकलीस. माग, काय हवं ते माग."

"आधी उठा, महाराज."

पंगतीतले हात जागच्या जागी थांबले.

"तुम्ही आबांच्या पानावर बसलाय," भिवरा म्हणाली.

राजांनी मागे पाहिलं. धोंडबा रिकाम्या हातानं उभा होता. राजे इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यांनी आपलं चांदीचं ताट मागवलं, भांड्यातली उरलेली बुंदी स्वतःच्या हातानं त्यात वाढली आणि धोंडबाला शेजारी बसवून घेतलं.

"ताट आता तुझंच," ते म्हणाले. "आणि पत्रावळ्यांचं काम तुमच्या घरातून कधी हलणार नाही."

धोंडबानं बुंदीची एक कळी उचलली, उजेडात धरून नीट निरखली आणि लेकीला दाखवली.

"बघ," तो म्हणाला. "गोलच आहे."