गाणं चालेल, बोलणं नको

"वाजवायचं की निघून जायचं, एवढंच सांगा, नोंक."

ओझेमे व्हायोलिनच्या गजाला राळ लावत होता. लावतच राहिला.

"नोंक, मी तुमच्याशी बोलतेय."

"ऐकतोय."

"मग सांगा ना!"

"राळ लावून होऊ दे."

ओडीलनं ओठ घट्ट मिटले. तिची कानशिलं तापली होती.

लुइझियानाच्या गवताळ मुलखातली ही गोष्ट, काही दशकांपूर्वीची. तिथल्या खेड्यांतून केजन लोक राहतात. पूर्वापार फ्रेंच बोलणारे, भाताची खाचरं राखणारे आणि शनिवार आला की व्हायोलिन, ॲकॉर्डियन काढून नाचणारे. वडीलधाऱ्या पुरुषाला ते नोंक म्हणतात, म्हणजे काका. ओझेमे थेरिओ हा अख्ख्या गावाचा नोंक होता. जन्मभर भात पिकवलं आणि जन्मभर व्हायोलिन वाजवलं, याखेरीज सांगण्यासारखं आपल्याकडे काही नाही, असं तो म्हणायचा.

ओडील गिद्री त्याची शिष्या. शहरात वाढलेली, शिकलेली, आजीच्या गावी परत आलेली. ओझेमेच्या ओसरीवर बसून ती व्हायोलिन शिकली आणि त्याच्याकडूनच फ्रेंचही शिकली, कारण आईवडिलांनी ते तिला दिलंच नव्हतं.

वाजवायची सुरेख. रागवायचीही तशीच. कुणी नाचाच्या बाजात ड्रम आणला, तिनं त्याला झापलं. कुणी गाण्याचा शब्द चुकवला, तिनं भर मंडपात दुरुस्त केला. लोक तिला मानत, आणि ती येताना दिसली की जरा विषय बदलत.

आज मात्र तिचा राग उगाच नव्हता.

गावातली जुनी शाळा कित्येक वर्षं बंद होती. लाकडी, एका खोलीची. तिची डागडुजी करून तिथं वारसा भवन झालं होतं आणि आज उद्घाटन होतं. बाहेर मोठमोठ्या कढया चढल्या होत्या, गंबोचा वास सुटला होता. गंबो म्हणजे तिथलं दाट कालवण. राजधानीतून पाहुणे आले होते, विद्यापीठातले अभ्यासक आले होते. दारावर फलक होता: 'आमची भाषा, आमचं गाणं.' फलक फ्रेंचमध्ये होता आणि त्यात एक चूक होती.

चूक ओडीलला लांबूनच दिसली. पण चुकीचं काय, ती पुसता येते.

मग कार्यक्रमाची व्यवस्था पाहणारा कर्टिस मेलांसो समोर आला. छातीवर बिल्ला, हातात घड्याळ.

"मिस्टर ओझेमेंना सांग, तुमचं आधी. फार लांबवू नका, एकेक गाणं तीन-चार मिनिटांत आटपा. आणि निवेदन मी करीन, इंग्रजीत."

"नोंक स्वतः सांगतात गाण्याबद्दल," ओडील म्हणाली. "नेहमी सांगतात."

"फ्रेंचमध्ये सांगतात. पाहुण्यांना कळणार नाही. गाणं फ्रेंचमध्ये चालेल. बोलणं नको."

ओडीलला आधी आपण नीट ऐकलं नाही असंच वाटलं.

"काय म्हणालात?"

"गाणं चालेल. बोलणं नको."

"म्हणजे गळा चालतो आणि जीभ चालत नाही?"

"तसं नाही गं..."

"तसंच आहे! आणि ती दोरी कसली?"

खुर्च्यांपुढची मोकळी जागा दोरी लावून अडवली होती.

"फळ्या जुन्या आहेत. नाचायला परवानगी नाही."

"वॉल्ट्झ वाजवायचा, आणि लोकांनी मांडीवर हात ठेवून बसायचं?"

कर्टिसचा चेहरा उतरला. "हे बघ, ओडील. पाहुणे खूश झाले तर ही जागा टिकेल. नाहीतर पुन्हा कुलूप. आणि मला ऐकवू नकोस. मला शाळेत मार बसू नये म्हणून माझ्या आईनं घरात फ्रेंच बंद केलं. मला येत नाही, ती काय माझी हौस?"

तो निघून गेला. ओडील तणतणत शाळेमागे आली. तिथं ओकच्या झाडाखाली ओझेमे बाकावर बसला होता. तिनं सगळं सांगितलं, आणि मग तो प्रश्न विचारला.

...

राळ लावून झाली. ओझेमेनं गज उजेडात धरून पाहिला.

"तुम्हाला चीड येत नाही?"

"येते."

"कधी?"

"आत्ता."

"मग गप्प का बसलाय?"

"गप्प कुठं? आता वाजवणार आहे ना."

"त्यांच्या अटींवर?"

ओझेमे उठला. गुडघे कुरकुरले तसा क्षणभर थांबला.

"चल. तुझी एक तार उतरलीय, ती लाव आधी."

ओडीलनं खुंटी पिळली ती इतक्या जोरात, की तार तुटायचीच बाकी होती.

खोली भरली होती. पुढच्या खुर्च्यांवर पाहुणे, मागं गावकरी. खिडकीपाशी एका बाजूला झुल्मा सोनिए बसली होती. गावात सगळे तिला तांत म्हणत, म्हणजे मावशी. गावातली सगळ्यात म्हातारी बाई. तिला इंग्रजीतले सटरफटर शब्द यायचे, जास्त नाही. चांगला झगा घालून, हात मांडीवर ठेवून ती ताठ बसली होती.

कर्टिसनं इंग्रजीत ओळख करून दिली. टाळ्या पडल्या.

दोघांनी वॉल्ट्झ धरला. ओडील वरचे सूर घेई आणि ओझेमे खालून तिला साथ देई, तशी त्या दोघांची रीत होती. गाणं जुनं होतं, नदीपलीकडे लग्न होऊन गेलेल्या मुलीचं. दोन कडव्यांचं. दोनच, असं ओडील सगळ्यांना ठासून सांगायची.

पाहुणे मन लावून ऐकत होते. कुणाचा पायही हलत नव्हता.

दुसरं कडवं आलं आणि कर्टिसनं बाजूनं हात वर केला. वेळ झाली.

ओडीलनं गज तारांवरून उचलला. सूर अर्ध्यात तुटला. ती माइकपुढं गेली.

मग ती बोलली. इंग्रजीत बोलली, कारण त्यांना कळायला हवं होतं. समोरच्या पाहुण्यांवरून नजर फिरवायला ती आधी थांबली, आणि मग तिनं काही म्हणजे काही राखून ठेवलं नाही.

याच खोलीत, ती म्हणाली, फ्रेंच शब्द तोंडातून निघाला की पोरांना मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकायला लावत. याच फळ्यांवर. लघवीला जायचं कसं विचारायचं हे इंग्रजीत येत नाही म्हणून पोरं जागेवरच चड्डी ओली करत, आणि मग वरून फटके खात. ती पोरं मोठी झाली आणि त्यांनी आपल्या लेकरांना आपली भाषा शिकवली नाही. भीतीनं! आज त्याच खोलीला तुम्ही रंग दिलात, दारावर आमच्या भाषेचा फलक लावलात, आणि आत सांगता, गाणं चालेल, बोलणं नको? लाज नाही वाटत?

तिचा आवाज चढत गेला. शेवटचं वाक्य तिनं अक्षरशः ओरडून म्हटलं, टाच आपटून.

आणि मग टाळ्या! पाहुणे उठून उभे राहिले. एका बाईंनी डोळे पुसले. विद्यापीठातला एक तरुण टेपरेकॉर्डर घेऊन पुढं धावला, शेवटचा भाग टेपवर आला नाही, पुन्हा म्हणाल का, असं विचारू लागला. कर्टिससुद्धा टाळ्या वाजवत होता. त्याचा चेहरा उजळला होता. कार्यक्रम रंगला होता.

ओडीलला काहीतरी विचित्र वाटलं. इतकं झोडपलं, आणि हे खूश?

तिनं वळून पाहिलं. ओझेमेची खुर्ची रिकामी होती.

तो खिडकीपाशी होता. तांत झुल्माच्या शेजारी उकिडवा बसून तिचा हात हातात धरून काहीतरी सांगत होता. म्हातारीचा चेहरा पांढरा पडला होता. हनुवटी थरथरत होती.

ओडील गर्दीतून वाट काढत तिथं गेली.

"ऐकलंत, नोंक?"

"ऐकलं."

"कसं झालं?"

"चांगलं झालं. टाळ्या पडल्या."

"मग तुम्ही..." तिनं म्हातारीकडे पाहिलं. "तांतला काय झालं?"

ओझेमेनं तांतच्या पाठीवरून हात फिरवला.

"तिनं विचारलं, ती बाई कुणावर एवढी ओरडतेय?"

"मग?"

"मग म्हणाली, माझं काही चुकलं का?"

ओडील जागच्या जागी खिळली.

ही खोली. ही इंग्रजी. हा चढलेला आवाज... तांतही लहानपणी याच शाळेत होती. मघाचा सगळा राग तसाच होता, आणि तो कुणावर काढायचा तेच कळेना. कर्टिसवर? पाहुण्यांवर? स्वतःवर?

"मी जाते माइकपाशी," ती घाईनं म्हणाली. "सगळ्यांसमोर सांगते. फ्रेंचमध्ये सांगते, आणि तांतची माफी मागते."

"पुन्हा भाषण?"

"मग काय करू?"

ओझेमे उठला, दोरीपाशी गेला आणि गाठ सोडू लागला. गाठ घट्ट होती. म्हातारी बोटं बराच वेळ तिच्याशी झगडत राहिली. पाहुणे कुतूहलानं बघत होते. शेवटी दोरी खाली पडली.

त्यानं तांत झुल्मापुढं हात केला.

"येतेस?" त्यानं फ्रेंचमध्ये विचारलं.

"इथं?" म्हातारी म्हणाली. "इथं चालतं?"

"ये तर."

मग ओडीलकडे न बघताच म्हणाला, "वाजव."

ओडीलनं व्हायोलिन उचललं. पहिला सूर चिरकला. दुसराही. तिसऱ्याला वॉल्ट्झ सापडला.

ते दोघं नाचायला लागले. मोठं काही नाही, बारीक बारीक पावलं, जुन्या माणसांना जमतात तेवढी. फळ्या वाजत होत्या. मागून आणखी दोन म्हाताऱ्या जोड्या उठल्या आणि न विचारता आत शिरल्या.

कर्टिस धावत आला. "मिस्टर ओझेमे! फळ्या! मी सांगितलं होतं..."

ओडीलचा गज थांबणारच होता. आता याला सोडत नाही, असं तिच्या मनात आलं. पण ओझेमेनं नाचता नाचता नुसती मान हलवली, तशी ती वाजवत राहिली.

तांत झुल्मा कर्टिसपाशी थांबली. त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि फ्रेंचमध्ये विचारलं, "तू कुणाचा रे?"

कर्टिस घोटाळला. त्यानं इकडंतिकडं पाहिलं. लाल झाला. मग पाहुण्यांच्या देखत, अडखळत, शाळकरी पोरासारखं त्यानं फ्रेंचमध्ये आईचं नाव सांगितलं,

"एलोडीचा."

"अगबाई, एलोडीचा!" म्हातारीनं त्याचा गाल थोपटला आणि ती पुन्हा नाचायला लागली.

कर्टिस तिथंच उभा राहिला. घड्याळ हातात होतं, पण तो त्यात बघत नव्हता.

"ती काय म्हणाली?" पाहुण्यांतल्या बाईंनी ओडीलला विचारलं. "यानं काय उत्तर दिलं?"

ओडीलनं ऐकलं. सांगितलं मात्र नाही. मुद्दाम सांगितलं नाही, आणि त्याचं तिला तेव्हा बरंही वाटलं.

दुसरं कडवं संपलं. ओडील सूर आवरता घेणार, तोच तांत झुल्मा गायला लागली. बारीक, फाटका आवाज. पण स्वर जागेवर. शब्द ओळखीचे नव्हते. नदीपलीकडे गेलेली ती मुलगी त्यात परत येत होती, आणि आईनं दार उघडून तिला विचारलं होतं, तू कोण?

असं कडवं ओडीलनं कधी ऐकलं नव्हतं. ती आपली म्हातारीच्या मागोमाग सूर शोधत गेली. कुठं सापडले, कुठं हुकले.

टाळ्या यावेळी थोड्याच पडल्या. टेपवाला तरुण तोवर गंबोच्या रांगेत जाऊन उभा राहिला होता.

...

ऊन कलल्यावर पाहुण्यांच्या गाड्या गेल्या. बायका कढया घासत होत्या. ओझेमे आणि ओडील ओकखालच्या बाकावर बसले होते. मघाच कर्टिस येऊन गेला होता. पुढच्या वर्षी दोरी लावणार नाही म्हणाला. निवेदनाचं मात्र काही बोलला नव्हता.

"तो बदलणार नाही," ओडील म्हणाली.

ओझेमेनं गज सैल केला.

"फलकसुद्धा तसाच राहणार. चुकीसकट."

त्यानं व्हायोलिन फडक्यात गुंडाळलं.

"माझा राग गेला नाही, नोंक. खरं सांगते. तांतची माफी मागितली, तिनं हसून माझा हात दाबला, तरी गेला नाही. उलट वाढलाय."

"हं."

"त्या बाईंनी डोळे पुसले आणि घरी गेल्या. आणि ती म्हातारी इतकी वर्षं ती भीती घेऊन जगतेय."

ओझेमेनं खाचरांकडं पाहिलं. पाण्यात बगळे उतरले होते.

"उद्या सकाळी तिच्याकडं जा," तो म्हणाला. "ते तिसरं कडवं तिलाच येतं. मलाही येत नाही."

"जाईन." ओडीलनं नाक पुसलं. "आणि या रागाचं काय करू?"

"तोही घेऊन जा. तिचं दार जोर लावल्याशिवाय उघडत नाही."