कडेच्या डागातला पक्षी

एका राज्यात, सकाळच्या पहिल्या प्रहरी, भरल्या दरबारात राजपुत्राचा दगड झाला. शाप देणारा मांत्रिक जाताना म्हणाला, "याच्यापुढे धरलेल्या कागदावरचा पक्षी उडाला, तरच हा जागा होईल."

वर्षे गेली. कितीतरी चितारी आले आणि हरले. मग सोनावली चितारीण आली.

राजा म्हणाला, "तीन चित्रे काढ. तिन्हींतले पक्षी बसून राहिले, तर उजव्या हाताचा अंगठा द्यावा लागेल."

"आणि उडाला तर?"

"मागशील ते मिळेल."

"अंगठा माझ्यापाशी राहिला तरी पुष्कळ झालं, महाराज."

पहिल्या दिवशी तिने आपल्या चित्रवहीत मोर काढला. पीस न् पीस खरे. मोर हलला नाही. दुसऱ्या दिवशी सोन्याच्या शाईने ससाणा काढला. दरबार वाहवा म्हणाला, ससाणा ढिम्म.

तिसऱ्या दिवशी हंस. कुंचल्यात शाई जास्त झाली की सोनावली तो पानाच्या कडेला झटकायची. हंस पुरा झाला तेव्हा कड शिंतोड्यांनी भरली होती.

प्रधान वज्रसेन कात्री घेऊन आला. त्या राज्यात डागाळलेला कागद राजापुढे नेत नसत; प्रधान स्वतः कड कापून जाळी. मोराची कापली होती, ससाण्याचीही.

सोनावलीच्या खांद्यावरचा पोपट ओरडला, "प्रधानजी, कात्री आवरा! त्या डागाला चोच फुटतेय!"

"पोपटाला चित्रातलं काय कळतं?"

"पक्ष्यातलं कळतं."

सोनावलीने वाकून पाहिले. एका शिंतोड्याने मान वळवली होती. अशी मान ती आयुष्यभर घोटत आली होती; ही मात्र तिने न ठरवता वळली होती. तिने त्याला डोळा रेखायला कुंचला उचलला.

"नको, बाई," पोपट कुजबुजला. "मरेल तो."

तिने कुंचला ठेवला, वही छातीशी धरली आणि थेट दरबार गाठला.

"काय हा गलिच्छपणा!" मागून आलेला प्रधान गरजला.

"आधी बघा तरी," म्हणत तिने पान राजपुत्रापुढे धरले.

हंस जागचा हलला नाही. कडेचा डाग पंख झाडून उठला आणि राजपुत्राच्या दगडी नाकावर जाऊन बसला. राजपुत्र सटकन शिंकला.

राजाने त्याच क्षणी कड कापायची रीत मोडली. युवराज आपल्या आसनावर बसला. सोनावली दहा बोटांनिशी घरी निघाली.

संध्याकाळी वेशीपाशी जुने चितारी येऊन उभे राहिले. एकाच्याही उजव्या हाताला अंगठा नव्हता. वज्रसेन अजून प्रधानच आहे, आणि त्याने जाळलेल्या कडांत किती पक्षी होते, हे त्याला अजून कोणी विचारलेले नाही.