तिळ्याचं पहिलं वर्ष

फार पूर्वी गोदावरीकाठच्या एका नगरात एक राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या तेलीआळीत बैलाच्या जन्माला आले होते. राजाला आपण इथंच सोडू, त्याचं या गोष्टीत काही काम नाही. काम आहे ते बैलाचं. नागक तेल्याच्या घाण्याला ते सात वर्षं जुंपलेले होते. सकाळी डोळ्यांवर झापड चढायची, संध्याकाळी उतरायची, आणि सात वर्षांत फेरा अर्धा टाकून ते एकदाही थांबले नव्हते.

सुगी संपून घरात तीळ आले होते. त्या दिवसांत एकदा नागक बाजारातून परतला तेव्हा त्याच्या खांद्यावरची झोळी हलत होती.

त्याची बायको सामा दारातच उभी होती. "अहो, झोळीत काय आहे?"

"काही नाही."

ते 'काही नाही' तेवढ्यात कुंई करून ओरडलं. मग लपवायचं काय राहिलं? नागकानं झोळी उलटी केली आणि सव्वा महिन्याचं एक पिल्लू अंगणात पडलं. पांढरं अंग, त्यावर काळे बारीक ठिपके, पोट वाटीएवढं, आणि शेपूट असं हलत होतं की मागचे पाय कोणीकडे जातायत ते त्याचं त्यालाच कळेना.

"राखणीला आणलंय," नागक म्हणाला. पन्नाशीचा गडी, पण तोंडावरचा आनंद झाकता येत नव्हता.

"हा राखणार? याला आधी मांजरापासून राखावं लागेल," सामा म्हणाली. मग पदर खोचून तिनं तेलीआळीची रीत बोलून दाखवली, कारण रीत बोलून दाखवल्याशिवाय ती लागू होत नसे. नवं जनावर दारात आलं की त्याला सुगी ते सुगी असं एक वर्ष द्यायचं. पुढच्या वर्षीचे तीळ अंगणात पडले, की ठेवायचं का सोडायचं ते घरच्या बाईनं ठरवायचं. पुरुषानं त्यात चकार शब्द काढायचा नाही. सोडलेली कुत्री डोंगराकडचा मेंढपाळ इसिक घेऊन जायचा. त्याला कुत्री सारखी लागायची, कारण तिथला बिबट्या दरसाल दोन-तीन उचलायचा.

पिल्लाचं नाव तिळ्या पडलं आणि घराची झोप उडाली. पहिल्या दिवशी त्यानं चुलीसमोर ओलं केलं. मग उंबऱ्यावर, मग नागकाच्या पागोट्यात, आणि सामा फडकं घेऊन धावली तोवर तिळाच्या राशीच्या कडेला. रात्री आईच्या आठवणीनं रडायला लागला. नागकानं कडेवर घेतला, दूध पाजलं, कोमट राख फडक्यात बांधून पोटाशी ठेवली. छे. शेवटी तो धडपडत गोठ्यात गेला, बोधिसत्त्वांच्या पोटाला पाठ लावली आणि गप्प झोपला. बोधिसत्त्व सकाळपर्यंत कुशीवर वळले नाहीत. एवढ्या मोठ्या अंगाला ते सोपं नसतं.

आता नागकाची चूक सांगतो. ही चूक तेल्यानंच करावी. त्याला आयुष्यात एकच जनावर शिकवता यायचं, ते म्हणजे बैल. नव्या बैलाला घाणा उघड्या डोळ्यांनी दाखवत नाहीत, त्याला गरगरतं, म्हणून आधी झापड बांधायची आणि जुन्या बैलामागं फिरवायचा. चार दिवसांत अंगवळणी पडतं. नागकानं मोठ्या मायेनं चामड्याची एवढीशी झापड शिवली, तिळ्याच्या डोळ्यांवर बांधली, त्याला घाण्याच्या लाटेला, बैल ओढतो त्या आडव्या लाकडाला, मागून दोरीनं अडकवलं आणि बैल हाकला.

पिल्लू दोन पावलं चाललं आणि पडलं. दोरी ताणली. ते फरफटत ओरडायला लागलं.

बोधिसत्त्व थांबले.

नागकानं हाकललं. ते हलले नाहीत. त्यानं कधी नव्हे तो चाबूक उचलला. एक बसला, दोन बसले, पाच बसले. बोधिसत्त्वांनी मान खाली घातली आणि पाय रोवून उभे राहिले. घाण्याची करकर बंद झाली म्हणून सामा बाहेर आली. सात वर्षांत ती करकर अशी मध्येच थांबलेली तिनं ऐकली नव्हती. तिनं बैलाकडं पाहिलं, मग खाली पाहिलं.

"अहो," ती म्हणाली, "तो कुत्रा आहे."

तिनं झापड सोडली, दोरी सोडली. मग घरात गेली आणि आपल्या जुन्या पैंजणातला एक घुंगरू काढून आणून पिल्लाच्या गळ्यात बांधला. "बैलाला दिसत नाही, निदान ऐकू तरी येऊ दे. नाहीतर एखाद्या दिवशी पायाखाली जायचं," एवढंच म्हणाली आणि परत चुलीशी गेली. वरवर कडक बाई, पण पैंजण मोडलं होतं.

पुढचे महिने कसे गेले विचारू नका. मोकळा झाल्याबरोबर तिळ्या आपण होऊन बैलामागं फिरायला लागला. बैल गोल, तिळ्या गोल, घुंगरू छनछन. चालणं म्हणजे गोल फिरणं अशीच त्याची समजूत झाली. नागकानं त्याला हौसेनं बाजारात नेलं, तर हा मालकाभोवती प्रदक्षिणा घालत बाजारात पोचला आणि लोक पोट धरून हसले. दात शिवशिवायला लागले तेव्हा त्यानं दावं कुरतडलं, केरसुणी कुरतडली, तेलाच्या बुधल्याचा कान तोडला. बोधिसत्त्वांनी आपला खूर पुढं केला. "हा चाव, पोरा. हा तुटत नाही." आपल्या वाट्याची पेंड ते थोडी पाटीच्या कडेला लोटून ठेवायचे, ती तिळ्याची. चौथ्या महिन्यात तो पहिल्यांदा भुंकला, स्वतःच दचकला आणि बैलाच्या पोटाखाली लपला. नागक त्या दिवशी आळीभर सांगत सुटला होता.

पावसाळा सरला तेव्हा एका संध्याकाळी झापड उतरली, आणि बोधिसत्त्वांना ती उतरल्याचं कळलं नाही. म्हातारपणानं डोळे हळूहळू जात होते, ते त्या दिवशी पुरते गेले. घरात कुणाच्या ध्यानात आलं नाही. दिवसभर डोळे बांधलेल्या बैलाला दिसतं की नाही हे कोण पाहतो? गोठा ते घाणा वाट पायांना पाठ होती. धोक्याची वाट दुसरी होती. दुपारी घटकाभर जू आणि झापड उतरवून बैलाला एकट्यालाच ओढ्यावर पाण्याला सोडायचे, आणि त्या वाटेत लोकांनी माती खणून खणून मोठी खाण केली होती. पावसात भिजलेला तिचा काठ रोज थोडा ढासळत होता.

दुसऱ्या दुपारी बोधिसत्त्वांचा पाय काठावरून निसटला आणि तिळ्याला कळलं.

"आजोबा, तुम्हाला दिसत नाही."

"नाही, पोरा."

"मग माझ्या मागं या."

त्या दिवसापासून रोज दुपारी घुंगरू पुढं आणि बैल मागं. खाण जवळ आली की तिळ्या बैल आणि खाण यांच्या मधून वळसा घ्यायचा, खांद्यानं बैलाचा पाय वाटेवर ढकलायचा. त्याच वेळी इकडं दार उघडं पडायचं. सामानं हे चारदा पाहिलं. "परका माणूस ओसरीवर येऊन बसला तरी हा बैलामागं हुंदडतोय," ती नवऱ्याला म्हणाली. "नावाला कुत्रा. एक ना धड, भाराभर चिंध्या." नागक पेंडीची पाटी उचलून गोठ्यात गेला. रीत होती.

बोधिसत्त्वांनी हे ऐकलं. सुगी जवळ आली होती. त्यांना भीती वाटत होती, ती लपवण्यात अर्थ नाही. घुंगरू नसेल तर खाण काही दूर नव्हती. पण त्या संध्याकाळी त्यांनी तिळ्याला जवळ बोलावलं.

"उद्यापासून दुपारी माझ्याबरोबर यायचं नाही. दार धरून बसायचं."

"आणि तुम्ही?"

"मी सावकाश जाईन. तू डोंगरात गेलास तर वर्ष काढणार नाहीस. तुझं घर हे आहे. ज्यांचं घर त्यांना तू दारात दिसला पाहिजेस."

"तुम्ही पडाल."

"पडेनही. सांगतोय ते ऐक."

तिळ्या रुसला, पण तीन दिवस दारात बसला. बोधिसत्त्व एकेक पाऊल चाचपत ओढ्यावर गेले आणि आले. सामा खूश झाली. चौथ्या दिवशी नवे तीळ अंगणात पसरले. तिनं मनाशी ठरवूनही टाकलं होतं. तिळ्यासाठी एक भाकरी जास्तीची थापत होती. दुपारी बैल सुटला. तिळ्या दारातून बघत होता. बोधिसत्त्वांचे पाय आज वाटेवरून डावीकडं, सरळ खाणीकडं वळले.

तिळ्यानं उडी मारली आणि वाऱ्यासारखा सुटला.

भाकरी घेऊन सामा बाहेर आली तर शेजारच्या पाच शेळ्या राशीत उभ्या होत्या. निम्मे तीळ खाल्लेले, निम्मे तुडवलेले, आणि दारात कुत्रा नाही. त्याच वेळी इसिक मेंढपाळ तेलाला आला होता. सामाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते रागाचं होतं. थोड्या वेळानं बैल आणि तिळ्या ओढ्यावरून परतले, तेव्हा तिनं तिळ्याच्या गळ्यातला घुंगरू सोडून कनवटीला लावला आणि दोरी इसिकाच्या हातात दिली. "घेऊन जा." नागक भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सामानं स्वतःच जू उतरवलं, झापड काढली. बैल हलेना. "चल की," म्हणून तिनं थाप मारली. थापेनं बिचकून बैल चालला आणि खांबावर आपटला. पुन्हा चालला आणि भिंतीवर गेला. सामा धावली. तिनं त्याच्या डोळ्यांपुढं हात हलवला. पापणी लवली नाही.

ती घाबरून दोन पावलं मागं सरली. कनवटीचा घुंगरू वाजला. बैलानं मान वळवली आणि तो तिच्या दिशेनं आला. ती डावीकडं सरकली, घुंगरू वाजला, बैल डावीकडं वळला. ती अंगणभर फिरली. बैल मागोमाग.

सामा मटकन खाली बसली. दार उघडं दिसलं त्या चारही वेळा, तिला आठवलं, दुपार होती. पाण्याची वेळ होती.

"अहो, आंधळ्याची काठी हिसकावली मी," ती म्हणाली. नागकानं तोंड उघडलं. "तुम्ही बोलू नका, रीत आहे," असं म्हणून ती उठली आणि डोंगराकडं पळत सुटली. पन्नाशीला टेकलेली बाई आळीतून पळताना आळीनं पहिल्यांदा पाहिली.

इसिकाच्या मेंढवाड्याभोवतीच्या चिखलात बिबट्याची ताजी पावलं होती. ती बघून तिनं घुंगरू काढून वाजवला. मेंढ्यांच्या मागून ठिपक्यांचं एक अंग उसळलं आणि येऊन तिच्यावर असं आदळलं की दोघंही चिखलात पडली.

इसिक म्हणाला, "वहिनी, सोडलेलं जनावर परत नेता येत नाही. तुमचीच रीत."

"मी सोडलेलं नेत नाही. तुझ्याकडून नवं कुत्रं मागतेय. सुगी ते सुगी वर्ष देईन त्याला. ते सरलं की आणखी एक."

इसिक डोकं खाजवत हसला. "न्या बाई. रात्रभर कळपाभोवती गोल फिरत होतं. बिबट्या आला तो बघत बसला आणि निघून गेला, पण माझ्या मेंढ्यांना चक्कर आली."

घरी आल्यावर सामानं झापड चुलीत टाकली. "घाण्याला डोळे लागतात कुठं?" ती म्हणाली. बोधिसत्त्व पुढं तीन वर्षं घाण्याला चालले, घुंगराच्या मागोमाग.

शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही गोष्ट सांगितली ती पावसाळ्यात, विहारात. नुकतीच दीक्षा घेतलेला पुण्णिक नावाचा भिक्षू दारावरची पाळी सोडून रोज दुपारी कुठं तरी जातो, त्याला परत घरी पाठवा, अशी तक्रार विहारातले वडील भिक्षू, स्थविर सुमनक, घेऊन आले होते. गोष्ट संपल्यावर शास्ते म्हणाले, "तेव्हाचा नागक म्हणजे पुण्णिकाला इथं घेऊन आलेला भिक्षू धम्मिल. तिळ्या म्हणजे पुण्णिक. तो बैल मी होतो. आणि सामा, सुमनका, तू होतास. एवढी लांब पळालेली ती तूच."

सुमनकांनी विचारलं, "मग तो दुपारी जातो कुठं?"

"हे त्यालाच विचारायचं होतं," शास्ते म्हणाले. "आपल्याला गरज असतानाही दुसऱ्याचं घर बसावं म्हणून त्याला सोडून देणं, या गुणाला मैत्री म्हणतात. आणि नव्यानं आलेल्याला निदान एक वर्ष देणं, तीही मैत्रीच."

स्थविर उठले. दारापाशी गेले आणि पुण्णिक परत येईपर्यंत त्याच्या जागेवर बसून राहिले.