दोन पट्ट्यांची चाल

दुकानदार म्हणला, जुनी पट्टी भंगारात टाक, आन् तू ती पोत्यात टाकलीस म्हणे. त्या शहाण्याला सांग, मेमरीची पट्टी काय न् बैल काय, जोडी लावायला अक्कल लागती.

लई वर्षं झाली, दूध डेअरीच्या कॉम्प्युटरात एक म्हातारी पट्टी एकटीच समदं ध्यानात ठेवायची. काम वाढलं म्हणून मालकानं शेजारी नवी पट्टी बसवली. ती लई चपळ. दोघींना पोटाशी धरणाऱ्या बोर्डाला समदे आई म्हणायचे. आईनं इचारलं, "पोरींनो, कुठल्या चालीनं जाणार?"

नवी म्हणली, "माझ्या. हिच्यासाठी थांबायला मी काय हिची सून हाय?"

म्हातारी तिच्यामागं पळाय गेली आन् धापा टाकत बसली. पडदा काळाच, नुसता पी-पी आवाज. मालकानं म्हातारीला उपसून टेबलावर टाकलं.

नवी एकटीच सुसाट निघाली. पण दुधाला रांग लागली तशी ती वझ्याखाली दबून जागीच अडकली. रडवेली होऊन म्हणली, "आई, ह्या म्हाताऱ्या आत्यानं हे वझं एकटीनं कसं गं वाह्यलं?"



काम अडल्यावर मालकानं म्हातारीचे पाय, म्हंजी पट्टीच्या कडेचे सोनेरी दात, खोडरबरानं घासले आन् तिला परत बसवलं. आईनं पुन्हा चाल इचारली. नवी म्हणली, "आत्याच्या चालीनं."

पडदा उजळला. चालता चालता नवीनं इचारलं, "आत्या, दम लागला का?"

"तू बोलत ऱ्हा गं, मग नाय लागत."

आता पोत्यातनं ती पट्टी काढ, खोडरबरानं पूस आन् नवीच्या शेजारी बसव.