तड्यावरची काच

खाणीच्या गावातलं घर विकून सगुणाबाई लेकीकडे जाणार होत्या. कौलं गळतात, दारं फुगलीत, हे त्या स्वतःच सांगत. पण घर बघायला आलेले निवृत्त खाण मॅनेजर बारसागडे साहेब भिंतीतल्या तड्यावर काठी आपटत गरजले, "बाई, रोज दोन वाजता खाणीत सुरुंग उडतात. हे घर आज ना उद्या बसणार! मातीमोल भावात द्या."

"दोन वाजतच आलेत," सगुणाबाई म्हणाल्या. "चहा घ्या."

पहिला घोट घेतला न घेतला तोच, धडाम! कपबशी टाकून साहेब थेट अंगणात.

"या आत," बाईंनी हाक मारली. तड्यावर सिमेंटनं आडवी डकवलेली काचेची पट्टी होती, शेजारी पेन्सिलीनं तारीख. "ह्यांनी लावली, खाणीत लावायचे तशी. भिंत केसभर सरली तरी काच तडकते. सुरुंग झाला की आधी काच बघायचे, मगच जेवायचे. ते जाऊन सहा वर्षं झाली, काच बावीस वर्षांची. अजून अख्खी आहे. साहेब, या घरात आज हललात ते फक्त तुम्ही!"

साहेब ओशाळले. रुमालानं तारखेवरची धूळ हलकेच पुसत म्हणाले, "वहिनी, भाव तुम्ही सांगाल तो. डागडुजीत या काचेला कुणी हात लावणार नाही."