ठकूनं आणलेला विस्तव

एका राजाच्या गावात एकदा काय झालं, पौषातलं असं वारं सुटलं की राजवाड्यापासून झोपडीपर्यंत सगळ्या चुली विझल्या. काड्यापेट्या तेव्हा नव्हत्या, बरं का. चकमक घासून हात सोलले, पण ठिणगी पडेना. जिवंत विस्तव उरला तो लांब डोंगरावर, इंगळाबाई नावाच्या म्हातारीच्या चुलीत. आणि तो पायीच आणायचा. घोड्यावर बसवला की रुसून विझायचा.

ठकूची बहीण बनू नुकतीच बाळंत झालेली. बाळ गार पडत चाललेलं. दिवस मावळायच्या आत शेगडी पेटायला हवी होती. मग ठकूनं पदर खोचला आणि निघाली.

राजाचा जावई निघाला, गावचा पैलवानही निघाला. जावई म्हणाला, "ठकू, ये तू सावकाश. आम्ही भाकऱ्या भाजून ठेवतो."

"भाजा की," ठकू म्हणाली. "पीठ मळता येतं ना?"

इंगळाबाईनं तिघांच्या खापरांत एकेक धुमसती गोवरी ठेवली.

मग जावई सुसाट सुटला. वाऱ्यानं गोवरी भडकली आणि माळ संपायच्या आत तिची राख झाली. पैलवान बेतानं धावला, पण वडाखाली जरा टेकला. टेकला तो घोरायलाच लागला. त्याचीही गोवरी गेली.

ठकू धुराकडे बघत धावायची. धूर फार झाला की पाय आवरायची, विरळ झाला की उचलायची.

मग बरंच अंतर गेल्यावर तिचे पायच बोलायला लागले. "ठकू, आम्ही दगड झालो."

"मग दगडासारखे पडा," ती म्हणाली, "पण एकापुढे एक."

मग छाती बोलली, "माझा भाता फाटला." ठकू म्हणाली, "घे आणि सोड. दुसरं काही मागत नाही मी."

मग नदीच्या वाळूत मन बोललं. ते मोठं लबाड. हुबेहूब बनूच्या आवाजात म्हणालं, "ठकू, बाळ निजलंय. आता कसली घाई? बस गं जरा."

ठकूचे पाय अडखळले. गोवरीवर राख चढली, धूर दिसेना. बसावंसं तिला फार फार वाटलं. आणि मग तिला हसूच आलं. "बनूनं जन्मात मला बस म्हटलेलं नाही," ती म्हणाली. "ती कामच सांगते."

तिनं पुन्हा पाय उचलले. अंग पिसासारखं हलकं झालं. आता ठकू धावत नव्हती, वाटच तिच्या पायांखालून मागे सरकत होती. राखेतून धुराची बारीक रेघ पुन्हा वर आली.

सूर्य टेकता टेकता ठकू दारात पोचली.

"एवढा वेळ?" बनू म्हणाली. "फुंक लवकर."

शेगडी पेटली. बाळाचे गाल लाल झाले आणि त्यानं असं भोकाड पसरलं की सगळ्या आळीला कळलं. मग सारा गाव खापरं घेऊन दाराशी आला. राजाही आला आणि रांगेत कुंभारणीच्या मागे गुपचूप उभा राहिला.

घरोघर चुली पेटल्या. सगळे ऊन ऊन जेवले आणि निजले. ठकू तर पाय न धुताच निजली. तुम्हीही निजा आता. पाय पांघरुणात घ्या बघू.