भिवाच्या दारी कडू घास

एकदा एका पूर आलेल्या नदीत भरली नाव उलटली. बाजाराहून परतणारी माणसे होती. गावातल्या कित्येक घरांतले कोणी ना कोणी गेले. नाव चालवणारा भिवा नावाडी मात्र वाचला. हाताला लागले त्यांना त्याने ओढून काठावर आणले, उरलेल्यांना पुराने नेले.

गावाबाहेर एक वृद्ध वैद्य राहत. त्यांचा शिष्य विद्वान होता, दयाळूही होता, पण धीर म्हणजे काय ते त्याला ठाऊक नव्हते. अपघातानंतर त्याने भिवाला चार माणसांसमोर पारावर बसवले आणि म्हणाला, “जे घडलं ते सगळं सांगून टाक. मन मोकळं होईल.” भिवाने एकवार सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिले, तो उठला, आणि त्यानंतर कुणाशी बोललाच नाही. घरी तो टेकत नसे. काठाकाठाने खालच्या वळणापर्यंत जाई, परत येई, पुन्हा जाई. त्याची बायको शिष्याला म्हणाली, “तुमीच बसवलंत ना पारावर? आता ते पाण्याकडं कसं बघत्यात, ते येऊन बघा.”

ते वाक्य शिष्याच्या मागे लागले. पोथी उघडावी तर अक्षर लागेना. औषध कुटायला बसावे तर कान नदीकडे.

“गुरुजी, आज तरी भिवाकडे जाऊ या?”

“अजून हौसाबाईची चूल पेटली नाही.”

हौसाबाईची मुलगी त्या नावेत होती. पण तिच्या चुलीचा आणि भिवाचा संबंध काय, हे शिष्याला उमगेना. “तोवर त्याने जिवाचं बरंवाईट केलं तर?” तो चिडून म्हणाला.

“म्हणून तर तू त्याच्या मागे राहायचंस. बोलू नकोस, नुसता चाल.”

शिष्य चालू लागला. पुढे भिवा, मागे तो. येता-जाता तो हौसाबाईच्या छपराकडे बघे. धूर नसे.

सुतक फिटले आणि एका सकाळी त्या छपरातून धूर निघाला. वैद्यांनी काठी घेतली आणि शिष्याला घेऊन थेट तिचे दार गाठले. “हौसाबाई, पिठलं-भाकरी कर. कडू घास न्यायचा आहे.”

ज्या घरी मयत होते तिथे चूल पेटत नाही. शेजारपाजारचे पिठलं-भाकरी नेतात आणि जवळ बसून दोन घास खायला लावतात. तो कडू घास. बुडालेल्यांच्या प्रत्येक घरी तो पोचला होता.

“आता कुणाकडं राहिला?” हौसाबाईने विचारले.

“भिवाकडे.”

शिष्याने चमकून गुरुजींकडे पाहिले. नांदत्या घरी मयताचे अन्न न्यायचे! शिवी परवडली. पीठ काढता काढता हौसाबाईचा हात थांबला.

“त्याच्या घरचं कोण गेलं वो बाबा? समदी धडधाकट हायेत.”

“तूच सांग. कोण गेलं?”

चुलीतले लाकूड तडतडले. ते आत सारत ती म्हणाली, “माजी कमळी त्याला मामा म्हणायची. पुढं टोकाला बसायचा हट्ट करायची, अन् ह्यो बसवायचा.” मग तिने पीठ मळायला घेतले. भाकरी झाल्या तेव्हा त्या बांधलेले फडके तिने दुसऱ्या कुणाच्या हाती दिले नाही.

भिवा अंगणात उभा होता, पाय चिखलाने भरलेले. फडक्यात काय आहे ते ओळखून त्याची बायको कडाडली, “माज्या दारात हे कशापायी आणलंस? माजा धनी जिता हाय!”

हौसाबाईने फडके भिवापुढे सोडले. भिवाला म्हणाली, “बस, दादा. मला अजून चव कळत न्हाई. मीठ झालंय का बघ.”

भिवा बसला. घास बराच वेळ तोंडात फिरत राहिला. मग तो म्हणाला, “अळणी हाय.” आणि तेवढ्यावर बांध फुटला. “हात हातात हुता, आक्का. कमळीचा हात माज्या हातात हुता...”

हौसाबाईने सगळे ऐकले. तुझा दोष नाही, असे काही ती म्हणाली नाही. पदराने तोंड पुसून तिने त्याच्या बायकोला हाक मारली, “वैनी, घरातलं मीठ आण. मीबी खाते दोन घास.”

परतताना वैद्य म्हणाले, “तू त्याला बोलायला सांगितलंस. पण गावाच्या लेखी त्याचं काही गेलंच नव्हतं, मग तो रडणार कशाच्या हक्काने? तो हक्क माझ्या औषधात नव्हता. ज्यांचं गेलं त्यांच्याच चुलीवरून तो यायचा होता, आणि चूल पेटल्याशिवाय हौसाबाईकडे मागायचा कसा?”

“आणि ती नाही म्हणाली असती तर?”

“तर दुसऱ्या घरच्या धुराची वाट पाहिली असती. तुला आणखी चालावं लागलं असतं.”

दुसऱ्या दिवशी शिष्याचे पाय आपसूक नदीकडे वळले. भिवा आजही काठाने चालतच होता. शिष्य नेहमीसारखा मागे राहिला. वळणापाशी भिवा थांबला आणि मागे न बघताच म्हणाला, “मागंमागं काय चालताय, पंडित? बरोबर या.”